डिपोटींनी नियम मागितला

घरात इंग्रजी शिकलेला पहिला मी. वडील महाराजांच्या फौजेत स्वार. दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. बी.ए. झालो आणि बडोद्यातच इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो, पण हंगामी. शाळा तपासणाऱ्या डिपोटींनी वर्ग पाहून बरा शेरा दिला तरच कायम, नाहीतर घरी.

इंग्रजीत कुठल्या नामानंतर कुठलं शब्दयोगी अव्यय येतं, हे मी मुलांकडून पाढ्यांसारखं म्हणवून घेई. रीझन फॉर, कॉज ऑफ, ॲन्सर टू. मी स्वतः तसाच शिकलो होतो. डिपोटी आले तेव्हाही तेच चाललं होतं. त्यांनी हात वर केला.

"पोपट पढवताय का मास्तर? रीझनला फॉर आणि कॉजला ऑफ, असं का? नियम सांगा मुलांना."

मला नियम ठाऊक नव्हता. एखादा ठोकून देता आला असता. डिपोटींनाही कदाचित पटला असता. पण ही पोरं तो खोटा नियम जन्मभर वागवत बसली असती.

"नियम मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "कानाला सवय लावतो. मला तशीच लागली."

"बी.ए. ना तुम्ही?"

"हो. घरातला पहिला."

ते मुलांकडे वळले. "इंटरेस्टला काय लागतं रे?"

पुढच्या बाकावरचा एक गुजराती मुलगा उठला. "साहेब, ए तो हजु गोख्युं नथी."

अजून घोकलंच नाही! वर्ग खो-खो हसला. डिपोटी हसले नाहीत. "मग घोका. आत्ता, माझ्यादेखत."

इंटरेस्ट इन, इंटरेस्ट इन. मुलांचे आवाज खणखणीत. मग डिपोटींनी मागच्या बाकावरच्या एकाला वाक्य करायला सांगितलं.

"आय हॅव नो इंटरेस्ट इन स्कूल, सर."

वाक्य बिनचूक होतं. मला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

दारापाशी डिपोटी थांबले. "पद्धत जुनी आहे तुमची. पण मुलांना थाप मारली नाहीत. कायम करायला सांगतो."

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि काय रे, त्या डिपोटीला तरी ठाऊक होता का नियम?"

विचारायचं मला सुचलंच नव्हतं.