सगळ्यांचे नऊच

आमच्या घरातल्या शेळ्या गाभडायला लागल्या आणि खापर फुटलं धाकट्या जावेच्या आधार क्रमांकावर. ऐकून हसू येतं ना? मलाही आलं होतं.

नेकनूरजवळ आमचं घर; धाकट्या दिराची गुजराण शेळ्यांवर. त्याची बायको धर्मापुरीहून लग्न होऊन आली आणि त्याच सुमारास पहिली शेळी गाभडली, दिवस भरायच्या आतच मेलेलं करडू पडलं; मग दुसरी. बाजारातून आणलेल्या शेळीनं रोग आणलाय, असं जनावरांचा डॉक्टर सांगून गेला. पण सासूबाईंनी बीडला जाऊन आकडे पाहणारा एक बुवा गाठला. त्यानं जावेचा बारा अंकी नंबर घेतला, उलटा लिहिला, मोठ्यातून लहान वजा केला आणि उत्तरातले अंक मिळवत गेला. शेवटी उरले नऊ. म्हणे नवग्रहांचा फेरा हिच्या अंगावर आहे. त्या दिवसापासून तिला गोठ्यात जायची बंदी झाली. तिच्या हातचं पाणी आधी शेळ्यांना चालेना, मग माणसांनाही. अमावास्येआधी तिला माहेरी सोडायचं ठरलं. परत आणायचं नाव कोणी घेत नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवते. असली थोतांडं पाहिली की माझं डोकं फिरतं. बावन्न उलटा केला की पंचवीस. वजा केले तर सत्तावीस, आणि दोन नि सात नऊ. सात हा अंक दशकाच्या घरात सत्तर असतो, एककाच्या घरात नुसता सात, फरक त्रेसष्टाचा. अंकानं घर बदललं की फरक नऊच्या पटीतच पडतो, मग आकडा कितीही मोठा असो. उलटसुलट सारखाच असेल तर शून्य, नाहीतर नऊच. सहावीच्या पोरांना मी हे गंमत म्हणून दाखवते.

संध्याकाळी मी सगळ्यांची आधार कार्डं मागून घेतली आणि ओसरीच्या फरशीवर खडूनं मांडत बसले. सासूबाईंचे नऊ आले. दिराचे नऊ, माझ्या नवऱ्याचे नऊ, माझेही नऊ. तोंड वाकडं करून बसलेल्या सासूबाई वाकून बघायला लागल्या. मला वाटलं, जिंकले. त्या बुवाचा नंबर घेतला तरी हेच येईल, असं मी ठणकावून सांगितलं.

सासूबाईंनी फरशीवरच्या एकेका नऊवर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे समद्यांनाच लागलंय की. ही यायच्या आदी कुठं हुतं हे?"

हे नंबर तिच्या लग्नाच्या कितीतरी आधीचे आहेत, हे मी चिडून सांगत राहिले. कोणी ऐकत नव्हतं. दीर उठला आणि त्यानं गोठ्याला कडी घातली. माझा नवराही माझ्याकडे न बघता आत गेला.

जाऊ दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. तू तरी समजून घे, म्हणून मी तिला हाताला धरून फरशीपाशी आणलं. माझ्या नंबराखालच्या नऊकडे तिनं पाहिलं आणि माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"ताई, तुमालाबी माझ्यामुळंच लागलं का?"

तिला सोडायला कोणाला जावं लागलं नाही. सकाळी ती पिशवी भरून अंगणात उभी होती. सगळ्यांच्या पाया पडली, पण लांबूनच.