रफूवाल्याचा सबवूफर

रफूवाल्याचं उभं आयुष्य लोकांच्या कपड्यांवरची भोकं गायब करण्यात गेलं. कोटाची बाही उजेडात धरून गिऱ्हाईक "फाटलं होतं कुठे हो?" म्हणालं, की त्याचं पोट भरायचं. अशा माणसाने घरात भलामोठा काळा सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, आणून ठेवला आणि बायकोच्या डोक्याला ताप झाला.

गाणं लावलं, की कपाटातल्या बशा वाजायच्या. गायिका खिडकीजवळच्या जुन्या स्पीकरमधून गायची आणि तिच्या गाण्यातला खर्ज भलत्याच कोपऱ्यात पोतं बडवल्यासारखा धपधपायचा.

"दुकानदार आज संध्याकाळपर्यंतच परत घेणार आहे," बायको म्हणाली. "हे धूड जाऊ दे. तिथे माझं इस्त्रीचं टेबल येईल."

"अगं, दोन आवाजांचा जोड दिसतोय म्हणून तसं वाटतंय. मला एक दुपार दे. नाही आवडलं तर मी स्वतः उचलून नेतो."

"उचला हो! आणताना कंबर धरून केवढे ओरडत होतात."

दुकानदाराने युक्ती सांगितली होती: आपण बसतो तिथे सबवूफर ठेवायचा आणि भिंतीकडेने रांगत ऐकायचं. खर्ज जिथे स्वच्छ ऐकू येईल, तिथे त्याची जागा. तेव्हा सबवूफर बायकोच्या खुर्चीत ऐटीत बसला आणि रफूवाला गुडघ्यांवर आला.

तेवढ्यात शेजारीण पातेलं परत द्यायला आली. "वहिनी, भाऊजींचं काय हरवलंय?"

"डोकं. दिसलं तर सांगा."

शेजारीण स्टुलावर टेकली आणि तिने पाय वर घेतले. रफूवाला तिच्या स्टुलाला वळसा घालून पुढे सरकला. चपलांच्या मांडणीपाशी मात्र तो थबकला. इथे धपधप नव्हती. नुसता गोल, शांत खर्ज.

चपला खुर्चीवर गेल्या, सबवूफर त्यांच्या जागी आला. मग बटणं. स्पीकरने किती खालच्या सुरापर्यंत उतरायचं आणि कुठून पुढे सबवूफरने सांभाळायचं, ते तो केसाकेसाने जुळवत बसला, कापडाच्या रंगाला धागा लावून बघावा तसा. आवाज कमी केला, अजून थोडा कमी. शेवटी त्याने बायकोला बोलावलं. चपला बाजूला सारून ती हाताची घडी घालून बसली.

गाणं संपलं. "छान. आता लावा तुमचा तो डबा."

रफूवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "लावलेलाच होता!"

"मग ऐकू कसा आला नाही?"

"नाही ना आला?"

"म्हणजे एवढं धूड आणलंत, ते ऐकू येऊ नये म्हणून?" ती उठली. "चला, दुकान बंद होईल."

त्याचा चेहरा पडला. गिऱ्हाइकाला निदान आपलं भोक आठवत असायचं. हिला गाण्यात भोक होतं हेच माहीत नव्हतं. पुढचं गाणं सुरू झालं होतं. त्याने वाकून सबवूफरची पिन काढली.

दाराशी पोहोचलेली बायको वळली. "अहो, काय केलंत?"

"कुठे काय? नेतोय ना."

"गाणाऱ्या बाईच्या खालची खुर्ची ओढल्यासारखं झालं एकदम. लावा बघू परत."

त्याने लावली.

"काढा."

त्याने काढली.

"लावा! आणि हात नका लावू आता." ती पुन्हा बसली, शेजारणीलाही बसवलं. दुकान बंद झालं तरी कुणी उठलं नाही.

"चपलांना मात्र दुसरी जागा शोधा," गाणं चालू असतानाच ती म्हणाली. "आणि त्यासाठी रांगायची गरज नाही."