पिशवीतला बांध

आमच्या शेतातल्या घरामागे पत्र्याची शेड आहे. आधी तिथे म्हशी असायच्या, आता धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम असतं. सोयाबीनचं भुसकट गरम पाण्यात भिजवायचं, निथळायचं, बियाण्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं आणि पिशव्या दोरीला टांगायच्या. बियाणं म्हणजे अळिंबीची बुरशी चढवलेले गव्हाचे दाणे. त्यातून पांढरं जाळं सुटतं आणि भुसकट झाकत जातं. पिशवी पूर्ण पांढरी झाली की पीक येणार हे नक्की. पहिल्या वर्षी मंठ्याच्या बाजारात बायका विचारायच्या, "या कुत्र्याच्या छत्र्या खायच्या का?" आता दुपारपर्यंत टोपली रिकामी होते.

माझ्या सोबतीला गावातलीच एक जण येते, साधारण माझ्याच वयाची. तिनं कापसाच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर पंधरा हंगाम काढलेत. तिथे कळी सोलायची, दुसऱ्या दिवशी नराच्या फुलाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. खूण नसलेलं बोंड मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे खूण केल्याशिवाय तिचा हात पुढे सरकत नाही. मला ही तिची सवय वाटायची, हुशारी वाटत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ऐंशी पिशव्या भरल्या. बियाण्याची पाकिटं दोन गठ्ठ्यांत आली होती. एक गठ्ठा मी घेतला, एक तिनं. पंधराव्या दिवशी माझ्या चाळीस पिशव्या दह्यासारख्या पांढऱ्या झाल्या. तिच्या चाळीस अर्ध्यावरच होत्या.

माझ्या सासूबाईंनी शेडच्या दारातूनच निकाल दिला. "हातगुण लागतो बाई. माझ्या हातचं लोणचं कधी नासलं न्हाई. हिच्या हाताला गुणच न्हाई."

हातगुण वगैरे मी मानत नाही. पण मी जे बोलले ते त्याहून बरं नव्हतं. मी तिला म्हटलं, "तू भुसकट नीट पिळत नाहीस, ओलं भरतेस. पुढची खेपही अशीच निघाली तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

हातातलं भुसकट पिळून तिनं मला दाखवलं. बोटांतून एक थेंब आला, जेवढा यायला हवा तेवढाच. मग म्हणाली, "चार पिशव्या द्या ताई. अन् दोन्ही गठ्ठ्यांतलं एकेक पाकीट. मंग बराबर सांगते."

चार पिशव्या तिनं माझ्यासमोर भरल्या. भुसकट एकाच ड्रममधलं. नेहमीसारखं बियाणं थराथरांनी न टाकता दोन पिशव्यांत तळाला माझ्या गठ्ठ्यातलं आणि तोंडाशी तिच्या गठ्ठ्यातलं टाकलं. उरलेल्या दोन पिशव्यांत उलटं केलं.

"उलटं कशाला?" मी विचारलं.

"पाणी खाली उतरतंय. उद्या तुम्ही म्हनाल, तळ ओला व्हता."

मी तेच म्हणणार होते.

चारही पिशव्या दाराजवळ टांगल्या. रोज सकाळी आल्यावर पांढरं जाळं जिथवर पोचलं असेल तिथे ती प्लास्टिकवर टिकली लावायची. माझ्या गठ्ठ्याला लाल, तिच्या गठ्ठ्याला हिरवी. आठवडाभरात मोजायची गरजच राहिली नाही. दोन लाल टिकल्यांमध्ये हरभऱ्याचा दाणा मावायचा, दोन हिरव्यांमध्ये जेमतेम ज्वारीचा. लाल रांग तळाकडून वर चढो की तोंडाकडून खाली उतरो, तिची चाल तीच. एका पिशवीत नासकी हिरवी बुरशी धरली, ती आम्ही लांब नेऊन पुरली. उरलेल्या तिन्ही एकच गोष्ट सांगत होत्या.

महिना होत आला तेव्हा दोन्ही जाळी एकमेकांना भिडली. आता मिसळतील असं मला वाटलं होतं. मिसळली नाहीत. मध्ये पिवळसर, जाड, उंचवटा आलेली रेघ उभी राहिली आणि तिन्ही पिशव्यांत दोन्ही बाजू तिथेच थांबल्या.

ती म्हणाली, "बघा ताई, बांध घातला. एका घरच्या असत्या तर बांध कशाला घातला असता? ह्ये दोन वाण हैत."

इतकी वर्षं मी हे पीक घेते, दोन प्रशिक्षणं केली, पण एका पिशवीत दोन बियाणी समोरासमोर सोडून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. शाळा तिनं चौथीपर्यंत केलीय.

बियाणं देणाऱ्याला मी फोन केला. पाकिटांवरचे आकडे विचारून तो सहज म्हणाला, "हो, दुसरा गठ्ठा वेगळ्या वाणाचा आहे. हळू चालतो, पण फळ जाड येतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणी विचारत नाही हो."

तोवर तिच्या चाळीस पिशव्याही भरून आल्या होत्या. उशिरा आल्या, पण फळ करडं, मांसल आणि देठाला घट्ट होतं. माझी पांढरी छत्री संध्याकाळी मान टाकते, ही दुसऱ्या दिवशीही ताठ होती.

सासूबाई बघायला आल्या. "म्हंजी हातगुणाचं काही न्हाई म्हना."

"हाय ना आत्या," ती तोडणी करताकरताच म्हणाली. "पर पाकिटाच्या हाताला."

सासूबाई हसल्या. त्यांच्यासमोरच मी तिला म्हटलं, "माझं चुकलं. तुझं काम चोख होतं. दुसरी बाई बघायची गोष्ट मी काढायला नको होती." ती म्हणाली, "कात्री द्या इकडं," आणि पुढच्या पिशवीकडे वळली.

आता नवीन गठ्ठा आला की त्यातली एक पिशवी आधी ती भरते. टिकल्यांची रांग बघून कोणता वाण कधी लावायचा ते ठरवते, आणि मी ऐकते. मंठ्याहून मी तिच्यासाठी टिकल्यांची चार पाकिटं आणली, चांगली खड्यांची. तिनं एक पिशवीला लावून पाहिली आणि पाकिटं परत दिली.

"वाफेनं सुटत्यात ह्या. साध्या आना."

पुढच्या बाजाराला मी साध्या आणल्या.