नंबरबाईची दाढ

चष्म्याच्या दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक तिला नंबरबाईच म्हणायचं. खरं नाव विचारलं असतं, तर मालकांनाही दोन मिनिटं डोकं खाजवावं लागलं असतं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचा, नंबर चिठ्ठीवर लिहायचा, फ्रेम आणि चिठ्ठी ट्रेमध्ये टाकून ट्रे खिडकीतून मागच्या खोलीत सरकवायचा. तिथे मालक काचा घासत बसलेले. चार महिन्यांपुरती म्हणून धरलेली नोकरी, बघता बघता अकरा वर्षं झाली! शिक्षिका व्हायचं प्रमाणपत्र कपाटात कपड्यांखाली पडून होतं.

शाळेतून मुलाखतीचं बोलावणं याआधी दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा ही बया दुकानात तक्ता वाचून घेत बसली. का, तर म्हणे सुट्टी मागायची हिंमत होईना! आता तिसरं पत्र आलं होतं. गुरुवारी सकाळी दहा वाजता, सोबत दहा मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस होता, आणि तो झाला की वयाच्या अटीत ती बसणार नव्हती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

"सरळ सांगून टाक की," मंगळवारी सकाळी डबा भरता भरता सासूबाई म्हणाल्या. "खाणार आहेत का ते तुला?"

"खात नाहीत हो, प्रश्न विचारतात."

हे मात्र अगदी खरं. 'सुट्टी काय झाडाला लागते?' इथून मालकांची सुरुवात व्हायची, आणि पुढे अशी उलटतपासणी की माणूस आपणहून 'जाऊ दे, राहू दे' म्हणत कामाला लागायचा. म्हणून नंबरबाईने बसमध्ये एक झकास थाप तयार केली आणि दुपारी मनाचा हिय्या करून मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"काका, गुरुवारी अर्धा दिवस हवा होता. दाढ काढायचीय."

मालकांनी मान वर केली नाही. "कुठली?"

"डावी. खालची."

"फार दुखते?"

"काही विचारू नका! तीन दिवस घास चावता येत नाहीये." आता ती चांगलीच रंगात आली होती. तिने गालावर हातसुद्धा ठेवला.

"मग उजवा गाल कशाला धरलायस?"

तिने पटकन हात बदलला. मालकांनी शांतपणे एक ट्रे पुढे ओढला. "हा तुझा सकाळचा ट्रे. फ्रेम आहे, नंबरची चिठ्ठी नाही. त्या जागी हा कागद. यात नंबर लिहिलाय गुरुवार, सकाळी दहा. आता असली काच मी कशी घासायची, सांग बघू?"

ट्रेमध्ये मुलाखतीचं पत्र होतं! चिठ्ठ्यांच्या खिशात तिनेच घडी करून ठेवलेलं, आणि गर्दीच्या घाईत तिनेच आत सरकवलेलं. नंबरबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

मालकांनी चष्मा काढून ठेवला. "अकरा वर्षं एका छपराखाली काढली आपण, आणि तू मला दाढ सांगतेस? इतका वाईट आहे का गं मी?"

तिला रडूच फुटलं. "तसं नाही हो काका. तुम्हाला एकट्याला कसं जमेल, म्हणून जीभच उचलत नव्हती."

"नाहीच जमणार!" मालक ओरडले. "पण त्या भाजीवाल्या आजीला वाचायला कोणी शिकवलं? मी?"

तीही एक गंमतच होती. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आजीला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही सांगता येईना. मालकांनी तीनदा काच बदलली आणि तीनदा डोक्याला हात लावला. शेवटी नंबरबाई तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आजी, दिसतंय सगळं, पण अक्षरं ओळखता येत नाहीत, होय ना?" आजीने लाजून मान डोलावली. तेव्हापासून रोज दुपारी, दुकान रिकामं असताना, त्याच तक्त्यावर आजीची शाळा भरायची. आतून काचा घासण्याचा आवाज त्या अर्ध्या तासात कधीच यायचा नाही. मालक खिडकीला कान लावून बसलेले असायचे.

बुधवारी दुपारी पाठाची तालीम झाली. विद्यार्थी दोन, आजी आणि मालक. मालकांनी इतका वात्रटपणा केला, की आजीने त्यांना दोनदा दम भरला. हसून हसून नंबरबाईच्या पोटात दुखायला लागलं.

गुरुवारी तिची बस दुकानावरून गेली, तेव्हा शटर खाली होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा! वर पुठ्ठा टांगलेला, आणि त्यावर आजीच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'दाढ काढायची आहे. दुकान बंद.' बसमध्येच तिचे डोळे भरून आले. मुलाखतीत तिने पाठ गोष्टीतून असा रंगवला, की दहा मिनिटं संपल्यावर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "थांबू नका, पुढे काय झालं ते सांगा."

बाहेर आली तर फाटकाशी मालक आणि आजी उभे.

"काका, झालं! पहिलीचा वर्ग मिळाला. एक तारखेपासून."

आजीने तिला मिठीच मारली. मालक 'वा, वा, शाब्बास' म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ स्वतःचा स्वच्छ चष्मा पुसत राहिले. "आता तक्ता कोण वाचून घेणार माझा?"

"मी आहे की," आजी म्हणाली. "शेवटची ओळसुद्धा येते मला."

"आणि उद्या तूही सुट्टी मागायला आलीस म्हणजे?"

"मी काय सांगून मागणार?" आजीने तोंड उघडून दाखवलं. "माझ्या दाढा केव्हाच पडल्यात."