नगऱ्यातला अर्धा ओटा

काँक्रीट फोडायच्या ब्रेकर मशीनची वायर जोडून झाली होती आणि रघुवीर मिस्त्री माझ्या इशाऱ्याची वाट बघत उभा होता. समोर भास्करकाकांच्या अंगणातला काँक्रीटचा ओटा. चौदा फूट लांब, सात इंच उंच. काकांचा हुकूम एका शब्दाचा होता: सगळा.

मी सरकारी खात्यातून रिटायर झालेला सिव्हिल इंजिनियर. झाशीत आता घरोघरची तोडफोड आणि दुरुस्ती बघतो. इथल्या नगरा भागातल्या आम्हा चार मराठी घरांपैकी एक काकांचं, म्हणून काम माझ्याकडे आलं. दोन महिन्यांपूर्वी काकू या ओट्यावर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ओटा काकांनीच हौसेनं, आपल्या हातानं घातलेला. पंचाहत्तरीचा माणूस त्या दिवसापासून अर्धा झाला होता. रोज सकाळी काका ओट्यासमोर उभे राहून स्वतःलाच बोल लावायचे.

माझा एक नियम आहे. जुनं काँक्रीट फोडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, खालून पाइप कुठून जातो. नकाशापेक्षा रोज पाणी भरणारीला जास्त ठाऊक असतं. काका म्हणाले होते, खाली काही नाही, फोडा. काकूंना विचारायचं मात्र राहून गेलं होतं. चूक माझीच. रघुवीरला थांबवून मी आत गेलो.

काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. पाइप लांब, भिंतीकडून जातो, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "फोडून टाका भैया. त्यांना झोप लागत नाही. मी चक्कर येऊन पडले, ओट्याचा काय दोष? दहा वेळा सांगितलं. त्यांना वाटतं, मी समजूत काढतेय."

ओटा गेला तर तुम्हाला चालेल का, असं मी विचारलं.

"थंडीत ऊन तिथेच येतं. दोघं खुर्च्या टाकून बसायचो. जाऊ द्या, त्यांना बरं वाटू दे."

बाहेर येऊन मी चक्क खोटं बोललो. तीस वर्षांच्या नोकरीत साइटवर असं कधी बोललो नव्हतो. काकांना सांगितलं, डाव्या भागाखालून पाइप जातोय, तिथे ब्रेकर लावला की फुटलाच. उजवीकडचं तेवढं फोडू, तिथे रॅम्प करू, म्हणजे पायरीऐवजी चढायला हलका उतार, आणि धरायला रेलिंग लावू. काकू वॉकर घेऊन वर येऊ शकतील.

काकांनी ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाइप असेल तर इलाज नाही," एवढंच म्हणाले.

रघुवीरनं मशीन चालू केलं. काम आठवडाभरात उरकलं. नवं काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून त्यावर रोज पाणी मारावं लागतं, ते काकांनी स्वतः मारलं.

महिन्याभरानं रेलिंग तपासायला गेलो तेव्हा काकू उन्हात बसलेल्या होत्या, शेजारची खुर्ची काकांची. निघताना काका मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"इंजिनियर साहेब," हळूच म्हणाले, "या घरातला एकूण एक पाइप मी माझ्या देखरेखीखाली टाकून घेतलाय."

मी मान खाली घातली.

"हिला सांगू नका. मलाही ओटा फोडायचा नव्हता."

तेव्हापासून नियमात एक भर घातली आहे. पाइप कुठे आहे ते विचारतोच, पण फोडायचं नक्की कुणाला आहे, तेही विचारतो.