डोळे झाकून सही कर

दत्ता गेल्याचं कळलं ते शिफ्टच्या ग्रुपवर. सकाळी, मी तळवड्याच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत असताना. हार्ट अटॅक. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? 'इथंही पहिला नंबर लावला ह्यानं!' महिना झाला, त्या विचाराची लाज काही जात नाही...

चाकणच्या आमच्या कारखान्यात तो ग्राइंडिंगवर, मी तपासणीला. शिफ्टचा पहिला पीस मी मापून सही केल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही, असा नियम. बाकीचे कामगार पीस ठेवायचे, सही घ्यायचे, निघायचे. दत्ता मात्र वाजतगाजत यायचा. "डोळे झाकून सही कर राव! माप माझ्या बोटात हाय. असा हात अख्ख्या चाकणात दाखव." लातूरकडचा गडी, आवाज खणखणीत; चार माणसं वळून बघायची. मला तिडीक यायची. "एवढं बोटात आहे तर मायक्रोमीटर भंगारात दे," मी म्हणायचो. सगळे हसायचे, तोही हसायचा. सही झाली तरी हलायचा नाही, अर्धा मिनिट उभाच. आणखी फुशारकी मारायची असेल, म्हणून मी मानच वर करायचो नाही.

एकदा त्याच्या मशीनमागे गेलो, तर हा पाठमोरा, पहिला पीस मापतोय. पुसला, मापला, परत पुसला, परत मापला... चार वेळा. मला बघून असा दचकला, जणू चोरी पकडली. "मायक्रोमीटर चेक करत होतो," म्हणाला. मी ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना रंगवून सांगितलं. काय मिळवलं मी? दुसऱ्या दिवसापासून त्याचा आवाज आणखीच चढला.

आळंदीला दहावा झाला, मग त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, रोज घरी आले की सांगायचे, तुम्ही म्हणालात, 'दत्ता, तुझ्यासारखा हात दुसरा नाही.' खरंच म्हणायचात ना?"

अकरा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. आणि त्याचा एकही पहिला पीस कधी परत पाठवावा लागला नव्हता, हे तिथं, चहाचा कप हातात असताना ध्यानात आलं. "हो वहिनी," म्हणालो, "रोज." तेव्हापासून चैन नाही. खोटं बोललो की खरं, तेच कळत नाही.

आता पहिला पीस टेबलावर येतो. मी मापतो, सही करतो आणि लगेच मान वर करतो, "चांगलं झालंय" म्हणायला... समोर कुणी थांबलेलं नसतं.