डाव्या बरगडीखाली

दिवाळीनंतर आमच्या गावची जत्रा, म्हणजे मंडई, भरायची, त्या दिवशी सकाळी आमच्या आखाड्यात एक काम चालायचं. बाहेरगावचे पहिलवान ते पाहून हसायचे. प्रत्येक गडी उताणा निजायचा, गुडघे दुमडून लांब श्वास घ्यायचा, आणि त्याच्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहिली जायची. बोटांना कडक काठ लागला की समजायचं, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे. मग त्या वर्षी कुस्ती बंद. आमच्या चांदा जिल्ह्यात तेव्हा पावसाळाभर हिवताप मुक्कामालाच असायचा. औषध फवारणारे नुकते कुठे गावात दिसू लागले होते. वाढलेली पानथरी पोटात घेऊन फिरणारा माणूस घरटी एक सापडे.

ही रीत आमच्या वस्तादांची. तरुणपणी त्यांच्या जोडीचा एक गडी साध्या कुस्तीत पडला, समोरच्याचा गुडघा पोटावर बसला. अंगावर ओरखडाही नव्हता. उठला, पाणी प्यायला, आणि दिवस मावळायच्या आत गेला. पानथरी पोटातच फुटली होती. तेव्हापासून वस्ताद म्हणत, "दंड तं बैलाचे बी मोठे रायते. पोटात काय हाये, थे आधी पाहा."

त्यांची बोटं वाताने आखडली, तसं हे काम माझ्याकडे आलं. मला पानथरीची ओळख घरचीच होती. विसाव्या वर्षी माझीच सापडली होती. वस्तादांनी मला वर्षभर मातीत पाय ठेवू दिला नाही. कुनैनच्या कडू गोळ्या आणि सकाळ-संध्याकाळ तलावाच्या पाळीवरून चालणं, बस. म्हाताऱ्यासारखा चालताना लाज वाटायची आणि वस्तादांचा रागही यायचा. पण पानथरी उतरली. दम असा वाढला की पुढच्या धानाच्या रोवणीत दिवसभर वाकूनही कंबर कुरकुरली नाही. कुस्ती सुटली ती मात्र सुटलीच.

खरा पहिलवान माझा मोठा भाऊ. आदल्या मंडईत राजुऱ्याकडच्या एका गड्याने त्याला चीत केलं आणि वर चारचौघांत ऐकवलं, "धानाच्या पेजेवर कुस्ती होत नसते." ते भावाच्या जिव्हारी लागलं. वर्षभर पहाटे उठून जोर, बैठका, मुद्गल. खांदे असे भरले की जुनी बंडी अंगात शिरेना. भादव्यात त्याला एकाआड एक दिवस ताप भरू लागला. तापाच्या दिवशी गोधडीत कुडकुडायचा, दुसऱ्या दिवशी आखाड्यात हजर. मी म्हटलं, "भाऊ, थांब ना थोडा." तर म्हणे, "घाम आला का ताप निंघून जाते." हा आमच्याकडचा जुना मूर्खपणा. मेहनतीने अंग बनतं हे खरं, पण तापातल्या अंगाला मेहनत खाते. दंड फुगत होते आणि चेहरा पिवळा पडत चालला होता. वस्तादांना त्याने पत्ता लागू दिला नाही. मलाही गप्प बसवलं, आणि मी बसलो.

मंडईच्या सकाळी तो माझ्यापुढे निजला. पोट दगडासारखं आवळलेलं.

"ढिल्लं सोड भाऊ."

त्याने सोडलं. श्वास घेतला, आणि काठ येऊन माझ्या बोटांवर टेकला. बरगडीखाली चांगला दोन बोटं. मी त्याच्याकडे पाहिलं. दटावील असं वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "एक वर्स घातलं रे मी."

वस्तादांनी पलीकडून विचारलं, "काऊन, लागते का काई?"

"नाई," मी म्हणालो.

दुपारी डफडं वाजायला लागलं. समोर तोच राजुऱ्याकडचा गडी. पहिल्या झोंबीत भावाने त्याला गुडघ्यावर आणलं, आमचं गाव नाचलं. मी एकटा त्याच्या डाव्या कुशीकडे बघत होतो. दुसऱ्या झोंबीत भाऊ खाली सापडला. समोरच्याने त्याला फिरवलं, एका हाताने मान दाबली आणि कुशीत रोवायला गुडघा उचलला. त्याची काही चूक नव्हती. डावच तसा होता.

मी मातीत उडी घेतली आणि तो गुडघा दोन्ही हातांनी धरला. "सोडा त्याले. पानथरी हाये. मी सकाळी खोटं बोललो."

डफडं थांबलं. कोणी तरी हसलं, मग बरेच जण हसले. पडायची पाळी आली म्हणून भावाला आजारी केलं, असंच लोकांना वाटलं. वस्ताद आले. तिथेच मातीत भावाला निजवून त्यांनी आखडलेल्या बोटांनी बराच वेळ चाचपलं. मग मला म्हणाले, "कुंपणच शेत खायाले लागलं तं राखण कोनाच्या भरवशावर कराव?" पुढे त्यांनी मला कुणाच्या पोटाला हात लावू दिला नाही. ते मी सोसलं. भावाचं मात्र सोसवेना. शेजारी बसून जेवायचा, शब्द बोलायचा नाही. वहिनीने हातावर ठेवलेली कुनैन गिळायचा आणि तलावाच्या पाळीवर चालायला जायचा. म्हाताऱ्यासारखा.

असं वर्ष गेलं. पुढच्या मंडईच्या सकाळी मी अंगणात दात घासत होतो. भाऊ लंगोट बांधून बाहेर आला, माझ्यापुढे घोंगडं अंथरून निजला आणि त्याने गुडघे दुमडले.

"दाब."

"वस्तादाले पाहू दे ना भाऊ."

"त्याच्या बोटाले आता समजत नाई. तुले समजते. आन या बारीनं खरं सांगजो."

पोट त्याने आपणहून सैल सोडलं होतं. भरलेलं अंग, डोळ्यांत तेज, ताप पुऱ्या पावसाळ्यात दोनदाच आलेला. नसावी, नसावी, असं मनाशी म्हणत मी हात ठेवला. त्याने लांब श्वास घेतला. काठ आला. बारीकसा, जेमतेम एक बोट.

"हाये," मी म्हणालो.

तो उठला, घोंगडं झटकलं. मग आत जाऊन लंगोट खुंटीला टांगला आणि धोतर नेसून आला.

"चाल," तो म्हणाला, "पाळीवरून फिरून येऊ."